मुलीच्या डोक्यातील उवा पुन्हा पुन्हा का होतात, आणि वर्गातील पालकांना सांगावे का?

मधुमालती
माझी मुलगी साडेचार वर्षांची असून केजी-वनमध्ये जाते. जूनच्या शेवटच्या आठवड्यात शाळा उघडली आणि त्यानंतर दहा दिवसही झाले नव्हते तोच ती कानामागे आणि मानेवर खाजवू लागली. पाहिले तर उवा! औषधाच्या दुकानातून लोशन आणून लावले, दुसऱ्या दिवशी फणीत मेलेल्या उवा आल्या आणि आम्ही निर्धास्त झालो. अठरा-वीस दिवसांनी पुन्हा तोच प्रकार झाला, पुन्हा तेच लोशन लावले, आणि आता या आठवड्यात तिसरी खेप सुरू झाली आहे. गाद्या, उशा, सोफ्याच्या खोळी आणि सगळी कापडी खेळणी मी धुऊन काढली. पावसाळ्यामुळे ती वाळता वाळत नाहीत आणि घराला दमट वास येतो आहे.

घरात प्रत्येकाचा उपाय वेगळा आहे. सासूबाई खोबरेल तेलात कापूर घालून लावायला सांगतात, शेजारच्या काकू सीताफळाच्या बियांची पूड सुचवतात आणि सासरे सरळ चमनगोटा करा म्हणतात. शाळेतूनच हे येते आहे असे मला वाटते. वर्गाच्या व्हॉट्सॲप गटावर लिहावे असे मनात आहे, पण यजमानांचे म्हणणे असे की लिहिले तर आपल्याच मुलीचे नाव होईल. अनुभवी मंडळींनी दोन्ही प्रश्नांवर मार्गदर्शन करावे.

तर्रीपोहे
पोळा तोंडावर आला आहे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, पाडव्याला, आपल्या नागपुरात रोगराई घालवण्यासाठी मारबतीच्या पुतळ्याची मिरवणूक निघेल तेव्हा "ईडा पीडा घेऊन जा गे मारबत" या आरोळीत उवा-लिखांचेही नाव जोडावे, एवढाच माझा सल्ला आहे. जाणकार येईपर्यंत जागा धरून ठेवतो.

चिटणीसपुरा
मधुमालती, आमच्या लहानपणी उवा ही बातमीच नव्हती. नागपूरच्या महाल भागातल्या आमच्या वाड्यात रविवारी दुपारी आई ओट्यावर बसायची आणि आम्हा चार बहिणींची, शिवाय शेजारच्या दोघींची, तिच्यापुढे रांग लागायची. डोक्याला भरपूर तेल, मांडीवर जुन्या धोतराचा पांढरा तुकडा आणि हातात बारीक दातांची लाकडी फणी असा सरंजाम असे. ऊ सापडली की ती दोन अंगठ्यांच्या नखांमध्ये जात असे, आणि लीख दाबली की "टच्" असा आवाज येई. आवाज आला तर भरलेली, नाही आला तर रिकामी, असे आईचे शास्त्र होते. पुढच्या रविवारी पुन्हा तीच रांग लागे. आता घराघरांत फणीच राहिलेली नाही; रुंद दातांच्या कंगव्यातून ऊ हत्तीसारखी डुलत निघून जाते.

त्वचारंग
मी त्वचारोगतज्ज्ञ आहे आणि पावसाळ्यात असे तीन-चार पालक दर आठवड्याला माझ्याकडे येतात. मला वाटते, तुमच्या मुलीला तीनदा उवा झाल्या नसून एकदाच झाल्या आहेत. कसे ते सांगतो.

मादी ऊ दिवसाला सहा ते आठ अंडी घालते आणि प्रत्येक अंडे केसाच्या मुळापाशी, टाळूपासून अर्ध्या सेंटीमीटरच्या आसपास, चिकट द्रवाने असे डकवते की ते पाण्याने वा साध्या विंचरण्याने सुटत नाही. यालाच आपण लीख म्हणतो. सात ते दहा दिवसांत अंड्यातून पिल्लू बाहेर येते आणि पुढे नऊ ते बारा दिवसांत ते स्वतः अंडी घालण्याजोगे होते. तुम्ही लावलेल्या लोशनात बहुधा पर्मेथ्रिन असावे. ते चालणाऱ्या उवा मारते, पण सगळी अंडी मारत नाही. पहिल्या दिवशी वाचलेल्या लिखा आठवड्याभरात फुटल्या, पिल्ले मोठी झाली आणि अठरा-वीस दिवसांनी तुम्हाला त्यांचा नवा संसार दिसला. तुमचे दिवस या हिशेबात तंतोतंत बसतात. म्हणूनच नवव्या दिवशी, खाज असो वा नसो, दुसरी मात्रा द्यायची असते. अंड्यांतून पिल्ले बाहेर आलेली असतात आणि त्यांनी स्वतः अंडी घातलेली नसतात, असा तो नेमका काळ असतो.

शाळेवरच्या संशयाबद्दलही सांगायला हवे. खाज उवेच्या चावण्याने थेट येत नाही, तिच्या लाळेची ॲलर्जी झाल्यावर येते, आणि पहिल्यांदाच लागण झाली असेल तर ही ॲलर्जी तयार व्हायला चार ते सहा आठवडे लागू शकतात. शाळा उघडल्यावर दहा दिवसांत खाज सुरू झाली असेल तर उवा मे महिन्यातच डोक्यात आलेल्या असण्याची शक्यता अधिक आहे. सुटीत मुलगी कोणाकडे राहायला गेली होती का?

मधुमालती
मामाकडे, वर्ध्याला, तीन आठवडे. पाच मामेबहिणी गच्चीवर एका रांगेत झोपायच्या. आता मला फोन करावा लागणार.

औषधवाला_बर्डी
मी औषधविक्रेता आहे. लोशन कसे लावले ते आधी सांगा, कारण निम्मी गडबड तिथेच होते. पर्मेथ्रिनचे दोन प्रकार दुकानात मिळतात. उवांसाठी १ टक्का असते, तर ५ टक्के असलेले मलम खरजेचे असते. आमच्याकडे लोक नुसतेच "पर्मेथ्रिन द्या" म्हणतात आणि घाईत चुकीची नळी हातात पडते. वेष्टनावरचा आकडा वाचल्याशिवाय पैसे देऊ नका.

दुसरे असे की डोके आधी साध्या शाम्पूने धुऊन टॉवेलने टिपून घ्यायचे, म्हणजे केस ओलसर राहतील पण पाणी टपकणार नाही. मग टाळूपासून टोकापर्यंत लोशन लावून घड्याळ लावून दहा मिनिटे ठेवायचे आणि धुऊन टाकायचे. डोळ्यांवर मुलीला स्वतःच्या हाताने रुमाल धरायला सांगा. शाम्पूबरोबर कंडिशनर मुळीच वापरायचा नाही, कारण त्याचा थर केसावर बसला की औषध केसाला धरत नाही. नंतर एक-दोन दिवस शाम्पू टाळावा. दोन महिन्यांपेक्षा लहान बाळाला हे औषध लावत नाहीत.

मधुमालती
आता लाज वाटते आहे. पहिल्या वेळी तेल लावलेल्या केसांवरच लोशन चोपडले होते आणि दुसऱ्या वेळी ज्या शाम्पूने धुतले त्यात कंडिशनर मिसळलेलाच होता. नवव्या दिवसाबद्दल दुकानात कोणी सांगितले नाही आणि माहितीपत्रकाची अक्षरे मुंगीएवढी होती.

काटोलरोड
एवढा खटाटोप कशाला? केसच नाहीत तर ऊ राहील कुठे? माझ्या तिन्ही मुलांचे जावळ काढल्यानंतरही दर उन्हाळ्यात गोटा होत असे. न्हावी पंधरा मिनिटांत काम उरकतो, औषध नको, फणी नको, आणि नागपूरच्या मे महिन्यात डोक्याला थंडावा मिळतो तो वेगळाच.

निळाई
काटोलरोड काका, तुमची तिन्ही मुले मुलगे होती, हे तुम्ही लिहिले नाही तरी कळले. मी सात वर्षांची असताना उवांमुळे माझा गोटा केला गेला. घरच्यांना ते किरकोळ वाटले असेल, पण मी दोन महिने शाळेत रुमाल बांधून गेले आणि मुले तो ओढून पळत असत. उवा कधीच विसरले, रुमाल अजून आठवतो. जे काम फणीने होते त्यासाठी पोरीचे केस उतरवू नयेत.

काटोलरोड
निळाईताई, मुलगे होते हे खरे आहे. मुलींच्या बाबतीत माझे म्हणणे मागे घेतो. मुलग्यांच्या बाबतीत मात्र कायम आहे.

पाटणसावंगी
सीताफळाच्या बियांचे नाव वाचून लिहिल्याशिवाय राहवले नाही. आमच्या गावी हा उपाय घरोघरी करीत. माझ्या चुलत बहिणीच्या डोक्याला आत्याने बियांची पूड तेलात कालवून लावली, वर फडके बांधले आणि झोपवले. रात्री फडके सुटले, घामाबरोबर ते तेल डोळ्यांत उतरले. सकाळी तिला डोळे उघडता येईनात, उजेड सहन होईना, पाणी सारखे वाहत होते. डोळ्यांच्या डॉक्टरांनी बुबुळावरचा पातळ पडदा सोलला गेल्याचे सांगितले. ती बरी झाली, पण आठ दिवस अंधाऱ्या खोलीत काढावे लागले. सिवनीकडची सीताफळे लवकरच बाजारात येतील. गर खावा आणि बिया टाकून द्याव्यात.

त्वचारंग
पाटणसावंगी यांनी लिहिले ते अपवादात्मक नाही. सीताफळाच्या बियांनी उवा मरतात हे खरे आहे आणि म्हणूनच हा उपाय टिकला. परंतु त्यातील तेच द्रव्य डोळ्याच्या पारपटलाला गंभीर इजा करते. असा रुग्ण आला तर आधी डोळे स्वच्छ पाण्याने भरपूर धुवावेत आणि वेळ न घालवता नेत्रतज्ज्ञांकडे जावे.

कापराबद्दल सासूबाईंचा राग ओढवून घेतो. कापूर लहान मुलांच्या त्वचेतूनही शरीरात जातो, आणि पोटात गेला तर थोड्याशा प्रमाणानेही झटके येऊ शकतात. वाटीत कालवून ठेवलेले सुवासिक तेल साडेचार वर्षांचे मूल चाखून पाहणार नाही याची हमी कोणी द्यावी? नुसते खोबरेल तेल मात्र खुशाल लावा. त्याने उवा मरतीलच असे नाही, पण त्या मंदावतात आणि फणी सहज फिरते. चिटणीसपुरा यांच्या आईंना हे ठाऊक होते. रॉकेल आणि ढेकणाची औषधे यांचा विचारही करू नये. रॉकेलने त्वचा भाजते, श्वासावाटे आत गेले तर फुप्फुसांना सूज येते, आणि पेट घेण्याचा धोका वेगळाच.

तर्रीपोहे
एक प्रामाणिक शंका आहे. मे महिन्यात पंचेचाळीस अंशांत माणसे उकडून निघतात, मग उवा कशा तगतात?

त्वचारंग
कारण टाळूचे तापमान आपले शरीर फारसे वाढू देत नाही आणि ऊ केसांच्या सावलीत, टाळूला लागून बसते. तिला दिवसातून अनेकदा रक्त लागते, त्यामुळे डोक्यावरून खाली पडली की ती एक-दोन दिवसांत मरते. म्हणूनच मधुमालती, गाद्या आणि सोफ्याच्या खोळी धुण्यात शक्ती घालवू नका. गेल्या दोन दिवसांत वापरलेले उशीचे अभ्रे, टॉवेल, टोपी एवढे गरम पाण्यात धुवा, फण्या-कंगवे पाच-दहा मिनिटे कढत पाण्यात बुडवून ठेवा, आणि बाकीची खेळणी दोन दिवस कपाटात बंद करा. औषध फवारण्याची तर मुळीच गरज नाही.

फुटाळा_काठ
ऊ उडी मारते का? आमच्या शेजारणीने याच भीतीने मुलाला बागेत पाठवणे बंद केले आहे.

औषधवाला_बर्डी
उडत नाही आणि उडीही मारत नाही. तिचे सहाही पाय केसाला धरून चालण्यासाठी घडलेले आहेत. डोक्याला डोके लागले की ती या केसावरून त्या केसावर जाते. बाग सुरू ठेवायला सांगा.

बालवाडी_बाई
मी एकवीस वर्षे बालवाडीत शिकवते आहे, त्यामुळे दुसऱ्या प्रश्नावर थोडे सविस्तर लिहिते. लहान मुलांची डोकी दिवसभर एकमेकांना टेकलेली असतात. चित्र रंगवताना, गोष्टीचे पुस्तक पाहताना, कानगोष्टी करताना आणि आता घरी एका मोबाइलवर चार जण वाकून पाहताना त्यांची डोकी एकत्र येतात, त्यात स्वच्छतेचा काही संबंध नसतो. अत्यंत टापटिपीच्या घरांतील, रोज न्हाणाऱ्या मुलींच्या डोक्यात मी उवा पाहिल्या आहेत. पाण्याने त्या मरतही नाहीत, बुडवून ठेवले तरी तास तास तग धरतात.

पालक आम्हाला सांगत नाहीत. एका वर्षी एका मुलीच्या आईने गुपचूप औषध केले, तिच्या शेजारी बसणाऱ्या मुलीच्या आईने आठ दिवसांनी गुपचूप औषध केले, आणि तिसरीने आणखी दहा दिवसांनी. तिघींनीही औषध नीट केले होते, तरी दिवाळीपर्यंत उवा या तिघींमध्ये फिरत राहिल्या. एकाच शनिवार-रविवारी तिघींनी मिळून केले असते तर पंधरवड्यात काम संपले असते. म्हणून माझे मत असे की गटावर अवश्य सांगावे, आणि शाळेच्या बाईंनाही सांगावे. चांगल्या बाई नाव न घेता सगळ्या वर्गाला एकच सूचना देतात. त्यासाठी मुलीला घरी बसवण्याची गरज नाही. उवा सापडल्या त्या दिवशी त्या डोक्यात कित्येक आठवडे असतात, मग एक दिवस शाळा बुडवून काय मिळणार? त्या दिवशी केस घट्ट वेणीत बांधून पाठवा आणि संध्याकाळी औषध लावा.

निळाई
बाई, आपले म्हणणे पटते, परंतु गटावर सांगणे इतके सोपे नाही. आमच्या इमारतीत एका घरी मुलीला उवा झाल्या तेव्हा पहिला आरोप घरकामाला येणाऱ्या मावशींच्या मुलीवर झाला. ती अंगणात खेळायला येत असे. तिचे येणे बंद केले गेले. तिचे डोके पाहण्याची तसदी मात्र कोणी घेतली नाही. मी पाहिले, स्वच्छ होते. पुढे कळले की उवा त्या घरातल्या कॉलेजला जाणाऱ्या मोठ्या मुलीच्या डोक्यात आधीपासून होत्या. उवेची बातमी बाहेर पडली की ज्याची बाजू घ्यायला कोणी नसते त्याच्या डोक्याकडे बोट जाते. म्हणून सांगताना शब्द जपून निवडावे लागतात.

बालवाडी_बाई
निळाई, हे माझ्या ध्यानात यायला हवे होते. म्हणूनच "माझ्या मुलीला झाल्या आहेत" असे स्वतःपासून सुरू करावे, "वर्गात कोणाला तरी आहेत" असे लिहू नये.

उत्खनन
किंचित विषयांतर करतो, पण आहे ते फणीचेच. इस्राएलमधील लाखीश येथे उत्खननात हस्तिदंताची एक छोटी फणी सापडली. तिच्यावर त्या प्रदेशातील प्राचीन कनानी लोकांच्या लिपीत कोरलेले एक वाक्य २०२२ मध्ये वाचल्याचे जाहीर झाले. सुमारे ३७०० वर्षांपूर्वीच्या त्या वाक्याचा आशय असा, की या हस्तिदंताने केसांतल्या आणि दाढीतल्या उवा उपटून काढाव्यात. वर्णमालेच्या लिपीत लिहिलेले आजवर सापडलेले हे सर्वांत जुने पूर्ण वाक्य मानतात. फणीच्या दातांत उवेचे अवशेषही आढळले.

तर्रीपोहे
म्हणजे माणसाला अक्षरे सुचली आणि त्याने आधी उवांची तक्रार लिहिली. मधुमालतींचा धागा परंपरेला धरूनच आहे.

वर्धमाननगर
आमच्या घरी औषध वापरलेच नाही, म्हणून नोंदवतो. धाकटीला दमा आहे आणि बायकोला कीटकनाशक नको होते. आम्ही ओल्या केसांतून विंचरण्याची पद्धत केली. केस धुऊन त्यांवर भरपूर कंडिशनर चोपडायचा, रुंद कंगव्याने गुंता काढायचा, मग केसांचे लहान लहान भाग करून बारीक दातांची धातूची फणी टाळूला टेकवून टोकापर्यंत ओढायची आणि प्रत्येक वेळी पांढऱ्या कागदावर पुसायची. पहिल्या, पाचव्या, नवव्या आणि तेराव्या दिवशी हे करायचे आणि सतराव्या दिवशी तपासायचे. एका वेळी पाऊण तास जातो. पहिल्या दिवशी एकोणीस निघाल्या, पाचव्या दिवशी सात, नवव्या दिवशी दोन पिल्ले, नंतर काही नाही. हे काम मी केले, कारण माझा हात हलका आहे, आणि त्या पाऊण तासात मुलीने मला वर्गातल्या सगळ्या भांडणांची माहिती दिली.

औषधवाला_बर्डी
वाचकांचा गोंधळ होऊ नये म्हणून लिहितो. वर्धमाननगर यांनी फणीसाठी कंडिशनर वापरला ते योग्यच आहे. मी नको म्हटले ते लोशनच्या आधी.

त्वचारंग
उत्तम पद्धत आहे, फक्त एकही दिवस चुकवून चालत नाही. लोशन आणि फणी दोन्ही केले तर अधिक चांगले. लोशन लावल्यावर आठ-दहा तासांनीही उवा पूर्वीसारख्याच चपळ फिरताना दिसल्या, तर तेच औषध पुन्हा पुन्हा ओतू नका. काही ठिकाणच्या उवा पर्मेथ्रिनला दाद देत नाहीत. अशा वेळी डॉक्टरांना दाखवा. आयव्हरमेक्टिनचा पर्याय असतो, पण त्याच्या गोळ्या पंधरा किलोपेक्षा कमी वजनाच्या मुलांना देत नाहीत, तेव्हा मोठ्यांची गोळी अर्धी करून देण्याचा उद्योग घरी करू नये. डोक्यात खपल्या, पू किंवा मानेला गाठी असतील तर नवव्या दिवसाची वाट न पाहता यावे. आणि घरातल्या सर्वांची डोकी एकाच दिवशी पाहा, आजींचेही.

मधुमालती
साडेतीन आठवड्यांनी लिहिते आहे. डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे वजन-वय दाखवून १ टक्क्याचे लोशन घेतले, साध्या शाम्पूने धुऊन, घड्याळ लावून दहा मिनिटे ठेवले आणि नवव्या दिवशी पुन्हा लावले. मधल्या दिवसांत फणी फिरवली. घरातली डोकी तपासली तेव्हा माझ्या डोक्यात चार आणि सासूबाईंच्या अंबाड्यात त्याहून अधिक निघाल्या. मुलगी रात्री आजीपाशी झोपते हे आमच्यापैकी एकाच्याही लक्षात आले नव्हते. त्या दिवसापासून कापराचा विषय निघालेला नाही. वर्ध्याला वहिनीला फोन केला तर ती म्हणाली, "आमच्याकडे जूनपासून आहेत, तुम्हाला सांगायला संकोच वाटला."

गटावर असे लिहिले: "माझ्या मुलीच्या डोक्यात उवा झाल्या होत्या, सुटीत मामाकडून आल्या असाव्यात. औषध केले आहे, नवव्या दिवशी पुन्हा करणार आहे. या शनिवारी आपणही आपापल्या मुलांचे कानामागचे आणि मानेवरचे केस एकदा पाहावेत, म्हणजे सर्वांचे एकदमच होईल." गटावर दोन अंगठे आले आणि बाकी शांतता. मात्र संध्याकाळपर्यंत सहा आयांनी मला वेगळे लिहिले, त्यांतल्या एकीने फणी कुठे मिळाली तेवढेच विचारले. यजमान म्हणतात, नाव झालेच. झाले तर झाले.

सतराव्या दिवशी एकही ऊ सापडली नाही. केसांवर, टाळूपासून दोन बोटे अंतरावर, काही पांढरे कण मात्र अजून चिकटलेले आहेत. ते झटकून निघत नाहीत, म्हणजे कोंडा नव्हे. पुन्हा लोशन लावावे का?

त्वचारंग
नको. केस महिन्याला साधारण एक सेंटीमीटर वाढतो, त्यामुळे टाळूपासून इतक्या दूर गेलेल्या लिखा जुन्या आणि रिकाम्या असतात. चालणारी ऊ दिसली तरच औषध. आणखी महिनाभर आठवड्यातून एकदा फणी फिरवा.

चिटणीसपुरा
खात्री हवी असेल तर एक कण नखांत धरून पाहा.

मधुमालती
पाहिला. आवाज आला नाही.